मदत हवी आहे: खाऱ्या पाण्याच्या टँकचं खरं तापमान कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी,

मी सांगलीत, विश्रामबागेत राहतो. घरी खाऱ्या पाण्याचा टँक आहे, त्यात क्लाऊनफिशची जोडी आणि थोडी मऊ कोरल. उन्हाळा तोंडावर आलाय, म्हणून जाणकारांनी लवकर सांगावं.

एकाच पाण्याचे तीन आकडे दिसतात. काचेवर बाहेरून चिकटवलेली पट्टी २८ अंश दाखवते, हीटरवर २५ आणि वायरवाल्या डिजिटल प्रोबवर २६.४. पट्टीवर माझा भरवसा नाही. तिच्या एका अंगाला काच, दुसऱ्या अंगाला खोलीची हवा. दुपारी खोली तापली की तीही चढते. हीटरचा सेन्सर हीटरच्याच नळीत असतो. उरला प्रोब, पण त्याच्या खोक्यावर अधिक-उणे १ अंश असं छापलंय. म्हणजे पाणी २५.४ असेल किंवा २७.४ सुद्धा.

कोरलना हा फरक सोसत नाही. समुद्रातसुद्धा नेहमीच्या उन्हाळी कमालीपेक्षा पाणी अंशभर जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं, तर ती पांढरी पडू लागतात. पंख्यावर भागेल की चिलरचा, म्हणजे पाणी गार करणाऱ्या यंत्राचा, खर्च करावा लागेल, हे आज टँक नक्की किती अंशावर आहे त्यावर ठरणार.

बर्फाची चाचणी केली आहे. आरओच्या पाण्याचा बर्फ फोडून ग्लासात गच्च भरला, फटी भरतील एवढंच पाणी ओतलं आणि ढवळत प्रोब मधोमध धरला. प्रोब आधी साध्या पाण्याने धुतला, कारण मिठाने हे मिश्रण शून्याखाली जातं. आकडा ०.८ वर थांबला. उकळत्या पाण्याची चाचणी करायची नाही. आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहोत, इथे पाणी साधारण ९८ अंशांनाच उकळतं.

तर शून्यापाशी दिसलेला ०.८ चा फरक २६ पाशीही तेवढाच धरायचा का? सरळ वजा करू?

प्रतिसाद

तेवढाच असेल असं नाही. अजून एक खात्रीचा आकडा मिळवा. घरातलं तापाचं डिजिटल थर्मामीटर घ्या. २६ ला ते कामाचं नाही, पण ३५ ते ४२ मध्ये बहुतेक ०.१ अंशापर्यंत बरोबर दाखवतं. थर्मासमध्ये ३७ च्या आसपासचं कोमट पाणी भरा. उघड्या भांड्यात पाणी निवत जातं आणि तापाचं थर्मामीटर मात्र सर्वात जास्त आकडा धरून ठेवतं, म्हणून थर्मासच हवा. प्रोब आधी स्थिर होऊ द्या, मग दोन्ही टोकं जवळजवळ धरून बघा. बीप वाजली तरी लगेच काढू नका. ० आणि ३७ या दोन्हींच्या मध्ये तुमचा २६ येतो, त्यामुळे अंदाज नेमका बसेल.

टँकमध्ये प्रोब हीटरपासून लांब, प्रवाहात ठेवा.

धागाकर्ता

आभारी आहे ताई. थर्मासमध्ये थर्मामीटर ३७.२, प्रोब ३७.७. म्हणजे तिथे फरक ०.५. हिशेबाने २६ पाशी ०.६ येतो, म्हणून पाणी २५.८ धरतो. सध्या पंखाच लावतो. चिलरचं एप्रिलमधले दुपारचे आकडे बघून ठरवेन.

प्रतिसाद

पंख्याने पाणी उडून खारटपणा वाढेल. भर घालताना आरओचं साधं पाणी घाला, खारं नको.