थायलंड रिटायरमेंट एक्स्टेन्शन: मधे बॅलन्स ४ लाखाच्या खाली गेला होता, आता काय?

डोंगरपायथा६१
नमस्कार मंडळी. आम्ही दोघं चियांगमाईत राहतो, तिसरं वर्ष आहे. मी नॉन-ओ व्हिसावर (लांब मुक्कामाचा थाई व्हिसा), माझं एक वर्षाचं रिटायरमेंट एक्स्टेन्शन, म्हणजे निवृत्तांना मिळणारी मुदतवाढ, १८ नोव्हेंबरला संपतंय आणि ही माझ्यावर डिपेंडंट म्हणून आहे. दोन वर्षं अगदी सुरळीत गेली, बँकेत ८ लाख बात (थाई चलन) ठेवायचे, टीएम ७ (मुदतवाढीचा फॉर्म) भरायचा, १,९०० बात द्यायचे, झालं. यंदा मात्र घोळ झालाय. जून मधे हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन करावं लागलं आणि इन्शुरन्सवाल्यांनी आधी तुम्ही भरा मग बघू असं केलं, त्यामुळे त्याच खात्यातून पैसे काढले आणि बॅलन्स ३ लाख ६० हजारावर आला. साधारण पाच आठवडे तसाच होता. जुलै अखेरीस साडेचार लाख केला, आणि मग १० सप्टेंबरला मुलाने पाठवले तेव्हा ८ लाख २० हजार झाले, ते आजपर्यंत हात न लावता तसेच आहेत.
आता प्रश्न असा की हे चालेल का? आणि अर्ज कधी करू? ३० दिवस आधीपासून घेतात म्हणजे पुढच्या आठवड्यातच जाता येईल, मला हे डोक्यावरचं ओझं एकदाचं उतरवायचंय.

हुआहिनचा_आजोबा
पुढच्या आठवड्यात अजिबात जाऊ नका! ८ लाख अर्जाच्या तारखेआधी सलग दोन महिने खात्यात पाहिजेत, तुमचे १० सप्टेंबरला पूर्ण झाले म्हणजे १० नोव्हेंबरच्या आधी गेलात तर तिथल्या तिथे परत पाठवतील. ११ ते १७ मधला कामाचा दिवस धरा, अगदी शेवटच्या दिवशी नको, एखादा कागद राहिला तर परत जायला वेळ हवा. त्या दिवशी सकाळी बँक उघडल्या उघडल्या पासबुकात एंट्री करून घ्या (मी मशीनमधून शंभर बात काढतो आणि परत भरतो, म्हणजे त्या दिवशीची ताजी ओळ छापली जाते), बँकेचं लेटर घ्या, आणि १२ महिन्यांचं स्टेटमेंट आधीच मागून ठेवा, ते मिळायला काही ठिकाणी दोन-चार दिवस लागतात.
जूनचं म्हणाल तर ती खरी अडचण आहे. त्याबद्दल कुणी जाणकार बोलेल.

निवांत_माणूस
काही होत नाही हो, उगाच टेन्शन घेताय. माझा बॅलन्स एकदा पार ४० हजारावर गेला होता, अर्जाच्या वेळी ८ लाख दाखवले आणि पाच मिनिटात शिक्का मिळाला. ते फक्त अर्जाच्या वेळचं बघतात. आणि अगदीच भीती वाटत असेल तर एजंट गाठा, तो सगळं करून देतो.

जोमतिएनची_मावशी
निवांतदादा, हे कुठल्या सालचं सांगताय? २०१९ च्या आधीचं असणार. तेव्हा खरंच तसं होतं, शिक्का मिळाला की दुसऱ्या दिवशी पैसे काढले तरी कुणी विचारत नव्हतं. १ मार्च २०१९ पासून नियम बदलला. आता पैसे वर्षातून तीनदा मोजले जातात असं समजा: अर्जाआधी दोन महिने ८ लाख, मंजुरीनंतर तीन महिने ८ लाख, आणि उरलेल्या काळात कधीच ४ लाखाच्या खाली नाही. एक दिवस सुद्धा नाही. आणि म्हणूनच १२ महिन्यांचं स्टेटमेंट मागतात, ते काही शोभेला नाही.
एजंटचं तर नावच काढू नका. काही जण तात्पुरते दुसऱ्याचे पैसे तुमच्या खात्यात टाकून कागद बनवतात, उद्या त्यातलं कुणी सापडलं तर शिक्का तुमच्या पासपोर्टवर आहे, एजंटच्या नाही.
दादा, (मूळ प्रश्नवाल्यांना) तुमचं ३ लाख ६० हजार म्हणजे नियमात बसत नाही, हे स्पष्ट सांगते. हॉस्पिटलची बिलं घेऊन जा, समजून घेणारा अधिकारी असेल तर कदाचित सोडेल, पण तो त्याचा अधिकार, तुमचा हक्क नाही. नाकारलं तर साधारण ७ दिवसात देश सोडायला सांगतात, आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या बाईला घेऊन सात दिवसात आवराआवर म्हणजे काय ते तुम्हीच बघा.

डोंगरपायथा६१
मावशी, तुम्ही तर झोप उडवलीत. पण खरं सांगितल्याबद्दल आभार. मग दुसरा मार्ग काय? दर महिन्याला ६५ हजार बात उत्पन्न दाखवायचं ते जमणार नाही, बाहेरून दरमहा पैसे येत नाहीत माझे, एकरकमीच येतात.

जोमतिएनची_मावशी
मार्ग आहे की. १८ तारखेच्या आधी स्वतःहून बाहेर पडा, शेजारच्या एखाद्या देशात जा आणि नव्याने ९० दिवसांचा नॉन-ओ घेऊन या. त्याचा अर्ज आता ऑनलाइन होतो, फक्त तिथून कुठले कागद लागतात ते आधी बघून घ्या. परत आलात की नवीन परवानगीवर पहिल्यांदा एक्स्टेन्शन मागायचं, म्हणजे पाटी कोरी. ८ लाख तर खात्यात बसलेलेच आहेत, ते हलवू नका म्हणजे दोन महिन्यांची अट आपोआप पूर्ण. माझ्या ओळखीत एकाने असंच केलं, त्याला जून-जुलैसारखं जुनं काही विचारलं नाही.
वहिनींचा कागद तुमच्यावर टांगलेला आहे, तुमचं जुनं संपलं की त्यांचंही संपलं, त्यामुळे त्यांचाही नवा व्हिसा लागेल. किंवा त्यांचं वय ५० च्या वर असेल आणि जमत असेल तर त्यांच्या एकटीच्या नावावर वेगळं खातं आणि वेगळे ८ लाख, मग तुमच्यावर अवलंबून राहायला नको. जॉइंट अकाउंट मात्र बहुतेक ठिकाणी चालत नाही.

हुआहिनचा_आजोबा
मावशींचं पटलं. एक भर घालतो. बाहेर पडताना री-एंट्री परमिट (बाहेर जाऊनही चालू परवानगी टिकवायचा परवाना) घ्यायचा प्रश्न यावेळी नाही कारण जुनं मरू द्यायचंच आहे, पण नवं एक्स्टेन्शन मिळाल्यावर लक्षात ठेवा, परमिट न घेता विमानात बसलात की वर्षाची परवानगी गेली, आठ लाख बँकेत असले तरी गेली. एका फेरीचे १,०००, कितीही फेऱ्यांचे ३,८००. आमचे एक शेजारी नातवाच्या बारशाला घाईघाईत गेले ते हे विसरून, आणि परत येऊन सगळं पहिल्यापासून.
नव्वद दिवसांचा रिपोर्ट (दर ९० दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवणं) वेगळा असतो हेही सांगून ठेवतो, एक्स्टेन्शन केलं म्हणजे तो झाला असं नाही. बाहेर जाऊन आलात की ९० दिवस नव्याने मोजायचे. आणि परत आल्यावर घरमालकाने टीएम ३० (परदेशी माणूस इथे राहतोय हे कळवायचा फॉर्म) भरलाय का ते बघा, काही ठिकाणी त्याची पावती मागतात.
बरं, तुमचा पासपोर्ट कधी संपतोय?

डोंगरपायथा६१
आत्ता काढून बघितला. पुढच्या वर्षी २३ मे. हिचा अजून चार वर्षं आहे.

हुआहिनचा_आजोबा
मग आधी तेच! एक्स्टेन्शन पासपोर्टच्या तारखेच्या पुढे देत नाहीत. म्हणजे या नोव्हेंबरात मिळालं असतं तरी मे पर्यंतच, पैसे पूर्ण १,९०० आणि मे च्या आधी परत तीच रांग. उद्याच दूतावासात नव्या पासपोर्टचा अर्ज टाका. १८ च्या आत हातात आला तर नव्यावरच व्हिसा घ्या. नाही आला तर जुन्यावर व्हिसा घेऊन या आणि नंतर शिक्के नव्यात ट्रान्सफर करून घ्या, ते इमिग्रेशनमधेच करतात, दोन्ही पासपोर्ट बरोबर ठेवायचे. एक्स्टेन्शनचा अर्ज मात्र नव्यावरच.

निवांत_माणूस
माझंच चुकलं, माझा किस्सा २०१७ चा होता. मी आता मुलीकडे राहतो, नियम कधी बदलले कळलंच नाही.

डोंगरपायथा६१
असू द्या निवांतदादा. पासपोर्टची अपॉइंटमेंट मंगळवारची मिळाली. ही म्हणते बाहेर जायचंच आहे तर लाओसमधल्या लुआंग प्रबांगला जाऊ, पायऱ्या कमी असतील तर. तिथे पायऱ्या किती आहेत कुणाला माहीत आहे का?

जोमतिएनची_मावशी
फू सी टेकडीला तीनशेच्या वर आहेत, ती सोडा. नदीकाठचा रस्ता सपाट आहे, तिथे फिरवा वहिनींना.