'रेझिलिअन्स'ला मराठीत काय म्हणायचं?

रंकाळाकाठी: २६ जूनच्या शाहू जयंतीसाठी मुलांच्या प्रदर्शनाचे फलक मराठीत करतोय. 'करेज'ला धैर्य दिलं, भागलं. 'रेझिलिअन्स'ला अडलो. कोशात 'लवचिकता' सापडतं. १९०२ साली रिकाम्या होणाऱ्या निम्म्या सरकारी जागा मागासलेल्यांना राखणारा राजा लवचीक? वडील म्हणाले, "महाराज काय वेताची छडी हुते व्हय?"

पेठेतला: चिवट लिवा की. हाय काय अन् न्हाई काय!

शुद्धमती: चिवट डाग असतो, मटण असतं. राजाला शोभत नाही. 'धृती' वापरा, गीतेतला शब्द आहे.

पेठेतला: धृती आमची भाची. भांडी घासायला हाक मारली की पळती.

कोशवेडी: 'धीट' आला 'धृष्ट'वरून. संस्कृतात उद्धट, मराठीत शाबासकी! वेदोक्त प्रकरणात, म्हणजे महाराजांसाठी वेदमंत्र म्हणायला नकार देताना, पुरोहितांना महाराज धृष्टच वाटले असणार. आपल्याला धीट.

रंकाळाकाठी: सुरेख, पण धीट म्हणजे पुन्हा धैर्यच झालं. मला नंतरचं हवंय, टिकून राहण्याचं.

तालीमवाला: मग 'दम' म्हणा. खासबागेत एखादा खाली घावतो, वरचा मानेवर कोपर दाबतो, तोंडात माती जाते, तरी गडी पाठ टेकू देत न्हाई. लोक काय म्हणत्यात? "दम हाय पोरात!"

शुद्धमती: दम फारसी आहे.

तालीमवाला: तालीम अरबी हाय. कुलूप लावू?

आत्याबाई: सगळे महाराजांनाच धरून बसलात. अस्पृश्य ठरवलेल्या गंगाराम कांबळेंनी चहाचं हॉटेल काढलं, महाराजांनी तिथं जाऊन चहा घेतला. राजाचा चहा पिऊन झाला की गाडी जाते हो. दुसऱ्या दिवशी पहाटे शेगडी पेटवून गिऱ्हाइकाची वाट बघत बसायचं, त्याला शब्द द्या आधी. माझ्या मते 'नेट'. नेट धरला.

रंकाळाकाठी: हे पटतंय. पण पोरं नेट म्हणजे इंटरनेट समजतील.

पेठेतला: म्हणून म्हणतोय, चिवट.

कोशवेडी: मुळात मटण चिवट नसतं, वातड असतं.

पेठेतला: वातड पापड होतो! मटण चिवटच. कोल्हापुरात ऱ्हाऊन एवढं कळंना?

आत्याबाई: कच्च्या पपईचा तुकडा घाला, दोन्ही राहणार नाही.

तालीमवाला: पपई? तांबड्यात?

रंकाळाकाठी: अहो, फ्लेक्सवाला सहाला दुकान बंद करतो.

पेठेतला: पपई घालणारी आत्याबाई नक्की पुण्याची.