सूचना वाचून सोसायटीच्या भिंतीवर चित्र काढायचंय, कुणी असं काही केलंय का?

मीनल_ठाणे

नमस्कार मंडळी. आमच्या क्लबहाऊसमधली एक भिंत नुकतीच पांढरी करून झालीय, साधारण १५ फूट लांब, ८ फूट उंच, आणि कमिटीचं म्हणणं असं की तिथं 'सगळ्यांनी मिळून' काहीतरी काढावं. पहिला प्रस्ताव अर्थातच वारली. वारलीशी माझं भांडण नाही हो, पण आमच्या रस्त्यावर दर दुसऱ्या गेटवर तोच तारपा वाजतोय.

मला वेगळंच सुचतंय. सॉल लेविट म्हणून अमेरिकन कलाकार होता, तो भिंतीवरच्या चित्रांच्या नुसत्या सूचना लिहायचा आणि चित्र दुसरेच लोक काढायचे. त्याचं १९७१ चं बॉस्टनमधलं एक आहे, त्याची सूचना थोडक्यात अशी की भिंतीवर कठीण पेन्सिलने ५० ठिपके कुठेही द्या, पण ते भिंतभर सारखे पसरलेले असू देत, आणि मग सगळे ठिपके एकमेकांना सरळ रेषांनी जोडा. झालं, एवढंच! मला वाटलं हे आमच्याकडे मस्त होईल, कारण चित्रकला येत नाही म्हणून मागे राहणारेच जास्त असतात. पण मीटिंगमध्ये एक काका म्हणाले, यात कला कुठाय, हे तर होमवर्क झालं. मला पटकन उत्तर देता आलं नाही. शिवाय तिसरीतल्या पोरांपासून सत्तरीच्या आजोबांपर्यंत सगळे असणार, तर हे निभेल का? कुणी केलं असेल तर सांगा प्लीज.

बर्कशायरकर

मी केलेलं नाही पण बघितलंय भरपूर, कारण राहतो तिथून नॉर्थ ॲडम्स जवळ आहे. मॅसॅच्युसेट्समधलं छोटंसं गाव, तिथं जुन्या कारखान्याच्या इमारतींमध्ये मास मोका नावाचं म्युझियम आहे (आधी तिथं कापडावर छपाई व्हायची, नंतर इलेक्ट्रिकचे पार्ट बनायचे, आपल्या गिरणगावाची आठवण येते). त्यातल्या एका तीन मजली इमारतीत फक्त लेविटची १०५ भिंतचित्रं आहेत. ती २००८ च्या नोव्हेंबरात उघडली, आणि लेविट गेला २००७ च्या एप्रिलमध्ये. म्हणजे मांडणी त्याने ठरवून ठेवली आणि काढलं साठेक जणांनी, त्यात त्याच्याबरोबर वर्षानुवर्षं काम केलेले लोकही होते आणि कॉलेजची पोरंपोरीही. सहा महिने चाललं होतं ते काम.

खालच्या मजल्यावर सुरुवातीची पेन्सिलची चित्रं आहेत. लांबून भिंत नुसती करडी, धुरकट दिसते, वाटतं की रंग उडालाय. जवळ गेलं की मग रेषा सुटायला लागतात, आणि हात बदललेला जाणवतो, म्हणजे एका ठिकाणी पेन्सिल दाबून चाललीय, शेजारी अगदी हलकी. वरच्या मजल्यावर मात्र झगझगीत ॲक्रिलिक, पोरं तिकडेच पळतात.

आणि प्रत्येक चित्राच्या पाटीवर ते पहिल्यांदा कुणी काढलं त्यांची नावं असतात. हे तुमच्या काकांना सांगा.

निवांत_पाटील

काकांच्या बाजूने एक मत माझं. नाव लेविटचं, विकलं जातं लेविटचं म्हणून, आणि खांदे दुखणार पोरांचे. विकत घेणाऱ्याला मिळतं काय तर एक सर्टिफिकेट आणि एक आकृती, ते घेऊन तो आपल्या भिंतीवर काढून घेणार, आणि प्रदर्शन संपलं की जुन्या भिंतीवर पांढरा रंग मारायचा! ही आयडिया आहे हे मान्य, पण चित्र म्हणजे हात लागतो राव. यंत्राला सूचना दिली तरी तेच येईल ना? मग माणसं कशाला जमवायची?

खडूफळा

मी शाळेत ड्रॉइंग शिकवतो, पाचवी ते आठवी. वर्गात हा प्रकार केलाय आणि दरवर्षी करतो, त्यामुळे जरा लांबलचक लिहितोय.

आधी पाटीलसाहेब. यंत्राला हीच सूचना द्या आणि बघा ते कुठे अडतं. "कुठेही द्या" आणि "सारखे पसरलेले असू देत" ही दोन्ही एकाच वेळी कशी जमणार? यंत्रासाठी आधी कुणीतरी बसून ठरवावं लागेल की सारखे म्हणजे किती सारखे. माझ्या वर्गात नेमकी इथंच भांडणं होतात. एक गट पट्टीने मोजून ठिपके देतो, तर दुसरा डोळे मिटून खडू टेकवतो आणि मग अर्धे पुसतो, कारण सगळे एका कोपऱ्यात आले. दोघांनी सूचना पाळलेली असते आणि दोन चित्रं एकमेकांची शेजारीसुद्धा वाटत नाहीत. लेविटने १९७१ मध्येच लिहून ठेवलंय की प्रत्येक माणूस रेष वेगळी काढतो आणि शब्दही वेगळे समजतो, आणि कलाकाराने ते चालवून घेतलं पाहिजे. त्याला हे माहीत नव्हतं असं नाही.

आपल्याकडे ठिपक्यांच्या रांगोळीच्या पुस्तकात "१३ ते ७ ठिपके" एवढंच छापलेलं असतं, मधली ओळ १३ ची, मग दोन्ही बाजूंना एकेक कमी करत ७ पर्यंत, आणि ती वाचून दहा घरच्या दहा बायका दहा दारांत काढतात. कुणाची रेघ दोऱ्यासारखी तर कुणाची जाडजूड, आणि उद्या झाडून टाकायची. ती रांगोळी पुस्तकवाल्याची असं कुणी म्हणत नाही. म्हणजे पाटील, नावाबद्दलचा तुमचा मुद्दा मला थोडा पटतो, पैशाबद्दलचाही. पण "हात लागत नाही" हे नाही पटत.

आणि हे सगळं थंड डोक्याचं गणित आहे असं वाटत असेल तर एक सांगतो. इव्हा हेस ही त्याची जवळची मैत्रीण, शिल्पकार, १९७० च्या मे महिन्यात ३४ व्या वर्षी गेली. त्यानंतर लगेच पॅरिसमध्ये त्याने तिच्यासाठी भिंतचित्र केलं, सूचना अशी की उभ्या रेषा, सरळ नाहीत, एकमेकींना शिवत नाहीत, आणि भिंत सारखी भरायची. तोपर्यंत त्याच्या भिंतीवर सगळं पट्टीने आखलेलं असायचं. वाकडी रेष तिच्या कामातून आली. मला हेच त्याचं सगळ्यात चांगलं वाटतं, ५० ठिपक्यांपेक्षा कितीतरी.

आता मीनलताई, तुमच्या भिंतीचं. ५० ठिपके सगळे एकमेकांना जोडायचे म्हणजे १२२५ रेषा होतात. रेषेला एक मिनिट धरलं तरी वीस तासांवर काम आहे, आणि मिनिटात होत नाही, कारण १५ फुटी भिंतीवर लांब रेषेला तीन माणसं लागतात, दोघं पट्टी धरणार आणि एक ओढणार. २० ठिपके घेतले तर रेषा १९० होतात, रविवारी सकाळी सुरू करून जेवायच्या आत संपतं. २५ घेतले तर ३००. मी २० च म्हणेन.

ठिपक्यांना मास्किंग टेपवर नंबर घालून बाजूला चिकटवा. १ नंबरचा ठिपका ज्याच्याकडे तो बाकीच्या १९ शी जोडेल, २ नंबरवाला १८ शी, असं उतरत जायचं, आणि एकाने वहीत टिक करत बसायचं, नाहीतर शेवटी कुठली राहिली हे ब्रह्मदेवालाही कळणार नाही. वही सांभाळायला आजोबा उत्तम. पोरं ओरडतील की शेवटच्याला एकही रेष नाही, तर शेवटचे नंबर उत्साही काकांना द्या :)

पेन्सिल कठीणच घ्या, ४एच ते ६एच. २बी घेतलीत तर पहिल्या पन्नास रेषांनंतर कोपरं घासून भिंत काळी. भिंतीचा रंग मॅट आहे ना बघा, चकचकीत असेल तर पेन्सिल बसतच नाही, मग आधी पॉलिश पेपरने हलकं घासून घ्या. प्लास्टर करताना वापरतात ती ॲल्युमिनियमची लांब पट्टी वॉचमनला विचारा, कुणाकडे तरी काम चालू असतंच. त्याहून लांब रेषेला दोरी ताणून मध्ये खुणा करायच्या आणि पट्टी सरकवत जायचं.

एक मात्र करू नका, लेविटची सूचना जशीच्या तशी घेऊन खाली त्याचं नाव घालू नका, सर्टिफिकेटशिवाय ते त्याचं नाही. त्यापेक्षा तुमची सूचना तुम्हीच लिहा. लहान मुलांसाठी मी लिहिलेली देतो, हवी तर वापरा: "हात पोचेल तिथपासून जमिनीपर्यंत एक रेष काढ. पुढच्याने तिच्यापासून एक बोट सोडून तिच्यासारखीच काढायची, पण तिला शिवायचं नाही." पहिलीतली पोरं आणि शिक्षक एकाच रांगेत उभे केले की रेषांची उंची आपोआप खालीवर होते, ते कुणालाच सांगावं लागत नाही.

निवांत_पाटील

सर, "तिच्यासारखीच" म्हणजे आधीच्याची चूकही पुढे न्यायची का? कुणाचा हात मध्येच हलला तर?

खडूफळा

हो, न्यायची. दहाबारा रेषांनंतर त्या एका हललेल्या हाताचा चांगला मोठा फुगवटा होतो आणि सगळे तोच बघायला येतात. खोडरबर मी आधीच कपाटात ठेवून कुलूप लावतो.

मीनल_ठाणे

सर, खूपच आभार, आणि बर्कशायरकर तुमचेही, पाटीवर नावं लिहायची हे मी आजच ग्रुपवर टाकतेय, निम्मा विरोध त्यानेच मावळेल. हात पोचेल तिथपर्यंतची सूचना फायनल, २० ठिपके समोरच्या छोट्या भिंतीवर करू. फक्त एक, आमच्याकडे व्हीलचेअरवर एक आजी आहेत, त्यांची रेष इतरांपेक्षा खूपच खालून सुरू होईल, तर त्यांना मध्ये घेऊ की कडेला?

खडूफळा

मध्ये घ्या. आणि त्यांच्या पुढचा नंबर सोसायटीतल्या सगळ्यात उंच माणसाला द्या, त्याला "तिच्यासारखीच" पाळायचंय की "हात पोचेल तिथपासून" पाळायचंय हे त्याचं तो ठरवेल.