स्टेरॉइड लिहिणारा डॉक्टर चोरच असतो का?

काळी_माती (परभणी): काल इथं एका ताईनं लिहिलं, "आमवाताला स्टेरॉइड देणारा डॉक्टर चोर." डोकंच फिरलं. माझ्या आईची सकाळी दोन-दोन तास मूठ वळायची नाही, ज्वारीचं पीठ परातीत तसंच ठेवून रडायची. मेथोट्रेक्सेट, म्हणजे आमवाताची मुख्य गोळी, लागू व्हायला 6 ते 12 आठवडे लागतात, तवर तिनं काय करायचं? डॉक्टरनी थोडं प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइडच, दिलं, तीन महिन्यांत कमी करत बंद केलं. यंदा ती कापूस वेचायला गेली.

लातूरची_लेक: ती ताई मीच. तुमच्या आईचं बंद केलं दादा, माझ्या सासूबाईंचं कुणी केलंच नाही. चार वर्षं तीच जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलवरून गोळ्या. शुगर वाढली, मणका दबला. अमेरिकेच्या 2021 च्या गाइडलाइनमध्ये सुरुवातीला स्टेरॉइड शक्यतो टाळा म्हणलंय, वाचा जरा.

काळी_माती: अन् युरोपवाले 2022 ला म्हणले थोडे दिवस द्या, लवकर बंद करा. मोठ्यांचंच एकमत नाही, मग आमचा डॉक्टर चोर कसा?

सेलूचा_मेडिकलवाला: ते राहू द्या, मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते ते आधी सांगा लोकांना. एक मामा आले, तोंड आतून सगळं सोललेलं, पाणी गिळवेना. दहा दिवस रोज खाल्लेली! तवापासून मी पाकिटावर लाल पेनानं "फक्त रविवार" लिहितो.

शिवारातला: अन् बाजारातले पुडीवाले? आमच्या वडलांना तिसऱ्याच दिवशी आराम, अर्धं गाव पुड्या आणायला पळालं. मग तोंड सुजलं, पुडी थांबवली तर खाटेवरून उठवेना. डॉक्टर म्हणले त्यात स्टेरॉइडच असणार.

वैद्य_बीडकर: पुडीवाल्याला आयुर्वेदात धरू नका. साडेपाच वर्षं घासून बीएएमएस केलंय आम्ही.

शिवारातला: मग तुमच्यातलेच काहीजण मेथोट्रेक्सेट बंद करा काऊन म्हणतात?

वैद्य_बीडकर: मी कधी म्हणलो? माझे पेशंट मेथोट्रेक्सेट अन् आयुर्वेदाचं औषध दोन्ही घेतात, अन् लिव्हरची तपासणी मीच करायला लावतो. सगळ्यांना एकाच काठीनं हाणू नका!

लातूरची_लेक: आमच्याकडं म्हणले होते एकजण. सहा महिने गोळी बंद ठेवली, तेवढ्यात बोटं वाकली, ती आता सरळ होत नाहीत. सासूबाईंना कुंकवाची डबी उघडत नाही, मी उघडून देते.

वैद्य_बीडकर: ते चुकलंच. त्याची बाजू घेणार नाही.

लातूरची_लेक: बरं, "चोर" शब्द मागं घेते. पण स्टेरॉइड कधी बंद करायचं ती तारीख चिठ्ठीवर का लिहीत नाहीत?

काळी_माती: आईच्या चिठ्ठीवर होती. घरी गेलो की फोटो टाकतो.