कारागृह शिपाई पोलिसात गेला तर प्रशिक्षण पहिल्यापासून कशाला?

सीताबर्डीकर :
माझा भाऊ नागपुरात वर्धा रोडवरच्या मध्यवर्ती कारागृहात शिपाई आहे. सध्या पोलीस शिपाई भरतीची तयारी करतोय. दोन्ही खाती गृह विभागाचीच. मैदानी चाचणीही तशीच, १६०० मीटर, १०० मीटर, गोळाफेक. तरी निवड झाली की तो नवख्या पोरांसोबत पुन्हा कवायत अन् पुन्हा रायफल शिकणार. गणवेश, शिस्त, रात्रपाळी ज्याच्या अंगवळणी पडली आहे त्याला यातून सूट द्या आणि लवकर ठाण्यात पाठवा, असं माझं ठाम मत आहे.

निवृत्त फौजदार :
माझा स्पष्ट विरोध. कारागृहात माणूस येतो तो न्यायालयाचं वॉरंट घेऊन. त्याला अटक करायची की नाही, हा प्रश्न तुमच्या भावापुढे कधी आलेलाच नसतो. पोलिसाला तो भर रस्त्यात सोडवावा लागतो. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा असेल तर अटकेची गरज का आहे ते लिहावं लागतं, नाहीतर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ची, हजर राहा अशी नोटीस देऊन मोकळं व्हायचं. अटक केली तर २४ तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करायचं.

झडतीचंच बघा. बराकीत शिपाई हवी तेव्हा अंथरूण झटकतो, बंद्याचे खिसे तपासतो, कोणी वॉरंट विचारत नाही. तोच हात घेऊन तो मोमिनपुऱ्यातल्या किंवा महालातल्या एखाद्या घरात शिरला तर? तिथे पंच लागतात, जप्तीची यादी लागते, आणि १ जुलै २०२४पासून त्याच संहितेच्या कलम १०५प्रमाणे चित्रीकरणही लागतं. एक पंचनामा कच्चा राहिला की आरोपी सुटतो आणि फिर्यादी बाई कोर्टाच्या पायरीवर रडत बसते. मी हे पाहिलं आहे.

जेलवाली ताई :
फौजदार साहेब, कायद्याचं पटलं. पण आम्हाला फक्त कुलूप-किल्लीवाले समजू नका. आत बंदूक नसते. भरलेली बराक आणि हातात फार तर लाठी. दोन टोळ्यांची पोरं एकमेकांच्या अंगावर धावली की आवाज न चढवता त्यांना वेगळं करावं लागतं. जामीन फेटाळला त्या संध्याकाळी कोण जेवत नाही, भिंतीकडे तोंड करून कोण पडून आहे, हे आम्ही बघून ठेवतो, कारण त्याच रात्री आत्मघात होतो. पोलीस कोठडीवर पहारा देणाऱ्या पोराला हे कोणत्या वर्गात शिकवता? हा अनुभव शून्य धरायचा, हे मला मान्य नाही.

मानेवाडा :
ताईचं बरोबर हाय. पण एक सांगतो राजेहो, ज्याला आत दोन वर्षं सांभाळलं तोच उद्या बीटवर पानठेल्याजवळ भेटणार. ओळख निघणार, जुना राग निघणार. त्याच शहरात नेमणूक देऊच नये.

सीताबर्डीकर :
कायद्याचा एकही तास कमी करा असं मी म्हणत नाही. उलट वाढवा. भाऊ भरती झाला तेव्हा भारतीय न्याय संहिता लागूही नव्हती. कवायतीचा वेळ वाचेल तो फिर्याद लिहिणं, पंचनामा, साक्षीदाराचा जबाब यांना द्या, आणि जुन्या तपास अंमलदाराच्या हाताखाली ठाण्यात बसवा.

निवृत्त फौजदार :
मग आधी परीक्षा घ्या. चोरीची फिर्याद आणि घरझडतीचा पंचनामा त्याला स्वतःच्या हाताने लिहायला लावा, आणि तो सरकारी वकिलाकडून तपासून घ्या. टिकला तर कवायत माफ करायला माझी हरकत नाही. पण लवकर ठाण्यात पाठवण्याला विरोध कायम. आणि त्याला पहिलं वर्षभर एकट्याने तपास देऊ नका.

जेलवाली ताई :
चालेल. फक्त तशीच परीक्षा नवख्या पोरांचीही घ्या, कोठडीच्या पहाऱ्यावर उभं करण्याआधी.