ब्राउझर सोर्समधून स्वतः बिल्ड करावा की तयार घ्यावा?

विश्रामबागकर
गेल्या आठवड्यात लिब्रवुल्फ हा ब्राउझर सोर्समधून बिल्ड केला, म्हणजे मूळ कोडवरून चालणारा प्रोग्रॅम स्वतः बांधला. कोड फायरफॉक्सचाच, पण टेलिमेट्री (वापराची माहिती परत पाठवणं) बंद आणि यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन आधीपासून बसवलेलं. लॅपटॉप ८ जीबी रॅमचा. पहिल्या रात्री लिंकिंगला (तयार तुकडे एकत्र जोडताना) मेमरी संपली आणि सगळं अडकलं. दुसऱ्या रात्री १६ जीबी स्वॅप (रॅमच्या मदतीला डिस्कवरची जागा) दिली, एका वेळी चालणारे जॉब दोनवर आणले आणि झोपलो. सकाळी ब्राउझर तयार!

बँकेचे पासवर्ड, आधार, आईचे दवाखान्याचे रिपोर्ट ज्या एका प्रोग्रॅममधून जातात, तो दुसऱ्याने बांधलेला का घ्यायचा? माझी आई यार्डातून हळकुंडं आणते आणि डोळ्यांसमोर दळून घेते. पुडीत काय मिसळलंय ते कळत नाही म्हणूनच. ब्राउझरही प्रत्येकाने निदान एकदा असाच बिल्ड करावा, असं माझं ठाम मत आहे.

कृष्णाकाठ
हळदीचंच बोलू, आमच्या घरी तोच व्यापार होता. भेसळ फक्त पुडीत नसते. पिवळेपणासाठी हळकुंडालाच लेड क्रोमेट चोळल्याची प्रकरणं देशात सापडली आहेत. तसलं हळकुंड डोळ्यांसमोर दळलं तरी शिसं पोटात जाणारच. फायरफॉक्सच्या एवढ्या प्रचंड कोडमधल्या किती ओळी तुम्ही वाचल्यात? आणि कोड स्वच्छ असला तरी कोडचा प्रोग्रॅम बनवणारा कंपायलरच चोरवाट घालू शकतो, हे संगणकतज्ज्ञ केन टॉम्प्सन यांनी १९८४ मध्ये छापलेल्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात दाखवून दिलंय.

शिवाय फायरफॉक्सची नवी आवृत्ती साधारण दर ४ आठवड्यांनी येते, सुरक्षेच्या तातडीच्या दुरुस्त्या वेगळ्याच. दर वेळी रात्र घालवणार का? दोन महिन्यांपूर्वीचा घरचा बिल्ड हा आजच्या तयार ब्राउझरपेक्षा जास्त धोक्याचा.

विश्रामबागकर
सगळा कोड वाचला नाही, मान्य. पण एक्सझेड या लिनक्सवरच्या फाइल कॉम्प्रेस करणाऱ्या साधनाचं २०२४ चं प्रकरण आठवा. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट जागी करणारी स्क्रिप्ट गिटमध्ये (सगळ्यांना दिसणाऱ्या कोडच्या साठ्यात) नव्हतीच, फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये (कोड बांधून दिलेल्या एका फाइलमध्ये) होती. एसएसएच (दूरच्या संगणकात शिरायची सोय) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, हे प्रोग्रॅमर अँड्रेस फ्रॉइंड खोदत बसले म्हणून ती सापडली. उघडा कोड आणि हाती येणारी वस्तू यांत फट असते, ती मला बुजवायची आहे.

कृष्णाकाठ
पण तुम्ही तरी गिटमधून कुठे बिल्ड केलात? लिब्रवुल्फचा सोर्सही टारबॉलच असतो. एक्सझेडचा सापळा बिल्ड करतानाच लागत होता, आणि डेबियन-फेडोरा या लिनक्सच्या प्रकारांच्या चाचणी आवृत्त्यांची पॅकेजं बांधणारे जाणकार त्यात अडकले.

पोवई नाका
दोघांचंही अर्धं खरं आहे. ओळख लपवणाऱ्या टॉर ब्राउझरने २०१३ पासून पुनरुत्पादनीय बिल्डची वाट धरली. कुणीही बिल्ड केला तरी बिट न् बिट तीच फाइल निघाली पाहिजे. मग थोड्यांनी बिल्ड करून हॅश (फाइलवरून काढलेला तिचा ठसा) जुळवला की बाकीच्यांचं काम होतं. टॉर मात्र स्वतःच्या आवडीने बदलून वापरू नका. सगळे वापरणारे सारखे दिसणं हेच त्याचं संरक्षण, तुमचा वेगळा दिसला की तुम्हीच ओळखू आलात.

मिरजेची ताई
माझ्या क्लासात ४ जीबीचे पीसी आहेत. क्रोमियम (ज्यावर क्रोम बनतो तो उघडा ब्राउझर) बिल्ड करायला किमान ८ जीबी रॅम आणि १०० जीबी मोकळी डिस्क मागतात, म्हणजे गूगलच्या सेवा काढलेल्या अनगूगल्ड क्रोमियमचा विषयच संपला. मी मुलांना तयार फाइलची जीपीजी सही (फाइल मूळ बनवणाऱ्यांचीच आहे हे दाखवणारी डिजिटल सही) तपासायला शिकवते. दोन मिनिटं लागतात, आणि त्यासाठी कुणालाही नवा लॅपटॉप घ्यावा लागत नाही. दादा, तुम्ही बिल्ड करण्याआधी टारबॉलची सही तपासली होती का?

विश्रामबागकर
नव्हती, ताई. आत्ता तपासली, बरोबर निघाली. ते आधीच करायला हवं होतं.

तरीही बिल्ड करणं सोडणार नाही. बिल्डच्या सेटिंगच्या मोझकॉन्फिग फाइलमध्ये क्रॅश रिपोर्टर (ब्राउझर बंद पडल्याचा अहवाल पाठवणारा भाग) एका ओळीने बंद होतो, हे मी स्वतः बिल्ड केल्यावरच पाहिलं. त्याआधी ब्राउझर ही माझ्यासाठी बंद पेटी होती. रविवारी माझा लॅपटॉप आणि भावाचा पीसी, दोन्हींवर तोच टारबॉल बिल्ड करून हॅश जुळतो का बघतो.

कृष्णाकाठ
जरूर करा. कंपायलरची आवृत्ती आणि फोल्डरचा मार्ग दोन्हीकडे एकच ठेवा, नाहीतर हॅश तेवढ्यानेही बदलेल. नाही जुळला तर कोणत्या फाइलमध्ये फरक आला ते इथे लिहा.