आकाशवाणीची धून आणि ‘जर्मन’ कॉफमन

शिवरंजनी:
सकाळपासून प्रत्येक ग्रुपवर तेच: ‘आकाशवाणीची धून एका जर्मनाने केली, आपल्याला साधी धूनही सुचली नाही.’ डोकं उठलं. हा ‘जर्मन’ म्हणजे वॉल्टर कॉफमन, १९०७ साली कार्ल्सबादला जन्मला, आताच्या चेक प्रजासत्ताकात. जर्मन बोलणारा ज्यू, बर्लिनला शिकलेला. प्रागला डॉक्टरेट होत आली, तर मार्गदर्शक नाझी युवक संघटनेचा म्होरक्या निघाला, म्हणून पठ्ठ्याने पदवी घेतलीच नाही. १९३४ मध्ये मुंबई गाठली. इथे चेंबर म्युझिक सोसायटी काढली, १९४६ पर्यंत रेडिओचा युरोपीय संगीत विभाग सांभाळला, पुढे कॅनडात विनिपेगला ऑर्केस्ट्रा, मग इंडियाना विद्यापीठ. १९६८ चा त्याचा उत्तर भारतीय रागांवरचा ग्रंथ कुणी उघडलाय?

पेटीवाला:
मी उघडलाय. मांडणी संगीतशास्त्री भातखंड्यांच्या दहा थाटांची, म्हणजे रागांच्या दहा गटांची, वर स्टाफ नोटेशनचा, पाश्चात्त्य स्वरलिपीचा मुलामा. भातखंडे बंदिशींसाठी गावोगाव हिंडले आणि ओवाळायचं याला! शिवाय याच गोऱ्यांनी रेडिओवरून पेटी हद्दपार केली.

शिवरंजनी:
‘याच’ म्हणजे? पेटीविरुद्ध लिहिलं ते जॉन फोल्ड्सने. इंग्रज संगीतकार, दिल्ली रेडिओवरचा. तो १९३९ मध्ये वारला, बंदी १९४० ची. कॉफमन मध्येच कुठून आला?

मींड:
बंदी योग्यच होती. टागोरांनाही पेटी खपत नव्हती. मी गाणं शिकवते. पेटीवर वाढलेल्या मुलांच्या गळ्यात दरबारी रागाचा झुलता गंधार काही केल्या उतरत नाही, पट्टी दाबल्यासारखा ठोक लागतो. पेटीतून मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, काढून दाखवा, मग बोलू.

पेटीवाला:
ताई, पेटीवादक गोविंदराव टेंब्यांसमोर हे बोलायची हिंमत झाली असती का? संगीत नाटकं काय नुसत्या तानपुऱ्यावर चालली? माझे आजोबा फाटक्या भात्याला कापडी पट्टी चिकटवून काकडआरतीला वाजवायचे. अख्खं गाव त्यावर गायलं. श्रुती, म्हणजे स्वरांमधले बारीक फरक, मोजायला कुणी आलं नाही.

मींड:
आजोबांना नमस्कार. पण आजोबा म्हणजे पुरावा नव्हे.

पेटीवाला:
आजोबांवर जायचं काम नाही!

तळटीप:
पेटी ठेवा जरा बाजूला. धून कॉफमनचीच कशावरून? साल १९३६ सांगतात, हा रेडिओत लागला १९३७ मध्ये. ठाकूर बलवंतसिंहांचंही नाव घेतात.

शिवरंजनी:
नोकरी लागायच्या आधी धून करायला बंदी होती का? खाली तानपुरा, वर व्हायोलिन. ते मेहली मेहतांचं मानतात, झुबिनचे वडील. आणि माणूस बघा ना. आपल्या गाण्याच्या रेकॉर्ड पहिल्यांदा ऐकल्या तेव्हा याला ओ की ठो कळलं नाही. नावं ठेवली नाहीत. लाखो लोक हे ऐकतात म्हणजे उणीव माझीच, जिथलं गाणं तिथे जाऊन शिकायला हवं, असं ठरवलं.

पेटीवाला:
बरं बाबा, थोर होता तुमचा कॉफमन. एवढा मोकळा कान पेटीला कुणी दिला नाही. बंदी उठायला १९७१ उजाडलं!

मींड:
तीही अर्धीच उठली. तेवढी अक्कल होती म्हणायची.